समजा, एक बंदिस्त अर्थव्यवस्था आहे

एस.वाय.ला मॅक्रो घेतलं की पहिल्याच आठवड्यात पुस्तकात एक वाक्य गाठ पडतं : 'समजा, एक बंदिस्त अर्थव्यवस्था आहे आणि तिच्यात सरकार नाही.' पुण्यामुंबईच्या पोरांना यात काही खटकत नसावं. मालवणात हे वाक्य वर्गात मोठ्यानं वाचलं की मागच्या बाकावर खसखस पिकते. सरकार नाही, हे एकवेळ धरून चालू. श्रावणातला रस्ता पाहिलेल्याला ते फार समजावून सांगावं लागत नाही. पण बंदिस्त? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, नकाशात पाहाल तर आमच्याइतका बंदिस्त मुलूख दुसरा नाही. आणि खिशात पाहाल तर आमच्याइतका उघडाही नाही.

मॅक्रो म्हणजे काय, हे आजीला सांगायचा प्रयत्न मालवणातल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा केलेला असतो.

"देशाचो पैसो खंय येता नि खंय जाता, ता शिकवतत."

"त्याका कॉलेज कित्याक व्हया? येता मुंबयसून, जाता वाण्याकडे."

खुल्या अर्थव्यवस्थेचं प्रकरण पुस्तकात चाळीस-पन्नास पानं घेतं. आजीनं ते चुलीपुढून न उठता संपवलं.

मधल्या पानांत केन्सचा गुणक असतो. १९३६च्या ग्रंथातला हा गुणक परीक्षेत हमखास येतो, कारण तो तपासायला सोपा. माणूस मिळालेल्या रुपयातले ऐंशी पैसे खर्च करतो असं धरलं, तर शंभर रुपयांच्या नव्या खर्चातून पाचशेचं उत्पन्न उभं राहतं. एकाचा खर्च ती दुसऱ्याची कमाई, त्याचा खर्च तिसऱ्याची. गणित चोख आहे. आता तारकर्लीला आलेल्या पर्यटकाची सुरमई थाळी या गणितात बसवून पाहा. भाजी घाट उतरून आलेली, कोल्हापूरची नाहीतर बेळगावची. तेलाचा डबा, गॅसचा सिलिंडर, पाण्याची बाटली, सगळं बाहेरचं. सोलकढी घरची, पण सोलकढीवर जिल्ह्याचं उत्पन्न किती वाढणार? सुरमई मालवणची, यात शंका नाही; पण ती ज्या ट्रॉलरवर चढली त्यावरचे खलाशी पुष्कळदा नेपाळचे, आणि ट्रॉलरचं डिझेल कुठून येतं ते सांगायला नको. ऐंशी पैशांतले पन्नास असे बाहेर जातात असं नुसतं धरलं, तरी पाचाचा गुणक दीडाच्याही खाली येतो. पेपरात हे लिहून मार्क मिळत नाहीत, कारण प्रश्नात 'बंदिस्त' लिहिलेलं असतं.

बिल फिलिप्स नावाच्या न्यूझीलंडच्या गृहस्थानं १९४९ साली लंडनमध्ये अर्थव्यवस्थेचं एक यंत्र बनवलं होतं. मूळचा इंजिनिअर. त्यानं टाक्या आणि नळ्या जोडून त्यांतून पैशाऐवजी पाणी फिरवलं. बचतीला वेगळी वाट, करांना वेगळी, आयातीला वेगळी. ते यंत्र आमच्याकडे भरवायचं झालं, तर आयातीची नळी तेवढी कणकवलीहून मोठी मागवावी लागेल.

आमचा सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला १ मे १९८१ला. पुढच्या जानेवारीत, १८ तारखेला, मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर बसले. पुस्तकात याला 'बाह्य धक्का' म्हणतात. धक्का परळ-लालबागला बसला आणि त्याचा आवाज इथल्या गावांत पोस्टमनच्या रिकाम्या पिशवीतून ऐकू आला. मनीऑर्डरवर चालणारा मुलूख ही आमची जुनी ओळख. दर महिन्याला ठरावीक वारी ओटीवर बसून पोस्टमनची वाट बघणाऱ्या बाईला उपभोग फलन कळत नसेल, पण उत्पन्न थांबल्यावर काय काय थांबतं, कुठल्या क्रमानं थांबतं आणि वाणी किती दिवस उधार देतो, हे ती तोंडपाठ सांगेल. गंमत म्हणजे आता वारं फिरलंय. संध्याकाळी बंदरावर जाळी आवरून झाली की तोच परगावचा खलाशी ओट्यावर बसून मोबाईलवरून घरी पैसे पाठवतो. एके काळी गिरणगाव ज्या जागी होतं, तिथे आज कुणासाठी तरी मालवण आहे. माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांत इथल्या अर्थव्यवस्थेत झालेला सगळ्यात मोठा बदल हाच, आणि त्यावर अजून पाच मार्कांचाही प्रश्न आलेला नाही.

केन्सचा गुणक आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ सालीच लिहून ठेवलं होतं. हातात पैसा वाढला तरी उत्पादन चटकन वाढत नसेल, तर वाढतात त्या किमती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा राव यांचा लेख मासळी बाजारात उभ्या उभ्या समजतो. रिझर्व्ह बँकेला २०१६पासून महागाई चार टक्क्यांवर, फार तर दोन इकडे-तिकडे, ठेवण्याची जबाबदारी दिलेली आहे. पण रेपो दर पाव टक्का वाढवून बांगडा जाळ्यात येत नाही. त्या दोन महिन्यांत माणसं सुकी सुंगटां काढतात आणि नारळी पौर्णिमेची वाट बघतात. हे धोरण पुष्कळ वर्षं यशस्वी ठरलेलं आहे.

अपेक्षांचं प्रकरण मात्र आम्हाला जड गेलं नाही. अंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा पंचांगात नसते. तारीख देवीच्या कौलानं ठरते. ती जाहीर होईपर्यंत सगळे अंदाज बांधत असतात आणि जाहीर होताच मुंबईतले चाकरमानी रजेचे अर्ज टाकतात, कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते, मसुऱ्याच्या वाटेवर दुकानं लागतात. पतधोरण समितीचे सहा सदस्य मतदान करून दर ठरवतात, तेव्हाही बाजार असाच आधी कानोसा घेत बसलेला असतो. फरक इतकाच, की देवीला निर्णयामागची कारणं छापावी लागत नाहीत.

आणि देशाचा मॅक्रो आमच्या मतदारसंघानं एकदा चालवूनही पाहिलाय. राजापूरमधून पाच वेळा निवडून गेलेले मधु दंडवते १९८९च्या डिसेंबरात अर्थमंत्री झाले. त्यांच्या १९९०च्या अर्थसंकल्पात ग्रामीण भागासाठी दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली आणि सुवर्ण नियंत्रण कायदा जाणार हेही ठरलं. पेशानं ते प्राध्यापक होते. विषय पदार्थविज्ञान.

तेव्हा अभ्यास मंडळाला एक नम्र विनंती आहे. खुल्या अर्थव्यवस्थेचं प्रकरण पुस्तकात शेवटी असतं आणि परीक्षा जवळ येते तेव्हा पोर्शन कधीच तिथवर पोहोचलेला नसतो. निदान सिंधुदुर्गातल्या कॉलेजांपुरतं ते पहिल्या दिवशी शिकवा. बंदिस्त अर्थव्यवस्था शेवटी घ्या. राहिली तरी इथे कुणाचं काही अडणार नाही.