दबक्या पावलांची अंकलिपी

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये गुपचूप कुठे शिरायचे असेल, तर आधी ‘मी लपतोय’ असे खणखणीत आवाजात जाहीर करावे. खेळ चालवणाऱ्या डीएमला (म्हणजे डंजन मास्टरला) ते ऐकू जायलाच हवे, कारण ‘कशामागे?’ हा प्रश्न तोच विचारणार. लख्ख उजेडातल्या रिकाम्या दालनात मधोमध उभे राहून लपता येत नाही, हे नवख्याला सांगावे लागते. (जुन्याला जास्त.) २०१४ च्या नियमांत हा निवाडा बराचसा डीएमच्या मर्जीवर होता. २०२४ च्या नियमांत शत्रूच्या नजरेआड, गडद अंधार किंवा निदान पाऊण अंग झाकणारा आडोसा लागतो, आणि फाशाची बेरीज किमान १५. तेवढे जमले की पिंपामागे उकिडवा बसलेला माणूस नियमाने ‘अदृश्य’ ठरतो. हे पटत नसेल तर खेळ सुरू होण्याआधी भांडून घ्यावे.

एकट्या चोराला हे सगळे सोपे. २०१४ च्या नियमांत साध्या पहारेकऱ्याची जागरूकता १२. वीस बाजूंच्या फाशात चपळाई आणि सराव मिळवून चोर ती सहज गाठतो. १९७८ मध्ये पहिल्या पातळीच्या चोराला सावलीत लपण्याची संधी शंभरात १० आणि आवाज न करता चालण्याची १५ मिळे. त्या काळी चोरीवर पोट कसे भरत असेल, देव जाणे.

खरी अडचण म्हणजे मित्रमंडळ. पोलादी चिलखतातला पॅलाडिन दोन फासे टाकतो आणि त्यातला लहान आकडा धरला जातो. अंगात खास चपळाई नसेल, तर पाचांत एखाद्या वेळीच तो १२ गाठतो. (गादीसारख्या पॅडेड चिलखतालाही २०१४ मध्ये हाच दंड. का, ते विचारू नये.) म्हणून डीएमकडे सामूहिक चाचणी मागावी: निम्मे पास झाले की सगळा कंपू पास. लाज वाटू देऊ नये.

एवढ्यात मानव-योद्धा म्हणेल, ‘मला काही दिसत नाही,’ आणि मशाल पेटवेल. तिचा लख्ख उजेड २० फूट, पुढे अंधूक आणखी २०. २०१४ च्या नियमांत अंधारात ६० फूट पाहणारे बुटके आणि एल्फ तेव्हा त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतात, तिला मात्र फासा लागत नाही.

कंपूत ड्रुइड असेल तर ‘पास विदाउट ट्रेस’ मंत्र मागून घ्यावा. तासभर सगळ्यांच्या बेरजेत १० ची भर. ड्रुइडचे लक्ष मात्र ढळता कामा नये. आणखी एक अट, त्याच्यापासून ३० फुटांच्या आत राहायचे. चोर सवयीने ४० फूट पुढे जाईल. त्याला हाक मारून परत बोलवावे, पण पॅलाडिनला हाक मारायला सांगू नये.