घरच्या सर्व्हरचा बॅकअप: यावलकर नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम अभिनंदन. पुण्याला नोकरीला लागलेल्या मुलाने जुना संगणक तुमच्या गळ्यात मारला आणि त्याला 'सर्व्हर' म्हणायला शिकवलं, यात तुमचा काही दोष नाही भाऊ. आता त्यात घरातली सगळी लग्नं, सातबारे, केळीच्या वजनकाट्याच्या पावत्या आणि आजोबांच्या कॅसेटवरून उतरवलेली भजनं आहेत. सगळं एकाच डिस्कवर. घाबरायचं केव्हा, ते पुढे येईलच.

पायरी पहिली: लगेच दुकानात जाऊ नका. दुकानदार आधी चार कप्प्यांची पेटी दाखवील आणि 'रेड' म्हणेल. रेडच्या साध्या प्रकारात एका डिस्कवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. एक मेली तरी काम अडत नाही, हे खरंच. पण वहिनींनी चुकून 'बारसं' नावाचं फोल्डर पुसलं, तर तेही दोन्हींवरून सारख्याच तत्परतेने पुसलं जातं. जोडीतला एक बैल बसला तर दुसरा गाडी कशीबशी ओढील. गाडीच विहिरीत गेली तर जोडीचं काय करता? रेड म्हणजे बॅकअप नव्हे. हे वाक्य कागदावर लिहून इन्व्हर्टरवर चिकटवा.

तिथे गेलातच आहात तर इन्व्हर्टरच्या मागचा छोटा खटकाही पाहा. बऱ्याच इन्व्हर्टरना तो असतो. तो 'यूपीएस'कडे नसेल, तर वीज गेल्यावर पंखा फिरत राहतो आणि संगणक मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो. नेमकं तेव्हा डिस्कवर लिहिणं चालू असेल, तर वर म्हटलेली घाबरायची वेळ हीच.

आता खरेदी. खोक्यावर 4 टीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज 3.63 दाखवतं. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. भांडायला जाऊ नका. दुकानदार हे भांडण रोज जिंकतो. मोठी, साडेतीन इंची डिस्क घेतली तर तिला वेगळा 12 व्होल्टचा अडॅप्टर लागतो, आणि कमीजास्त दाबात पुष्कळदा आधी तोच जळतो. घरचे मात्र डिस्कचं सुतक धरून बसतात. लहान, अडीच इंची डिस्क यूएसबीच्या वायरीवरच चालते. या लहान डिस्कमध्ये बहुधा लिहिण्याचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून त्या पुन्हापुन्हा लिहायला मंद. सर्व्हरसाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क याच जातीच्या निघाल्या आणि 2020 मध्ये त्यावरून जगभर बोंब झाली. बॅकअपला त्या खुशाल चालतात. एकदा लिहायचं आणि ठेवून द्यायचं.

पहिली प्रत काढायला 4 टीबी भरलेली असेल, तर सेकंदाला 100 एमबीच्या वेगाने अकरा तास लागतात. जुन्या यूएसबी 2 च्या खाचेत दीड दिवसाच्या आसपास. तेवढा वेळ यावलमध्ये वीज सलग राहील असं गृहीत धरणाऱ्यालाच नवशिक्या म्हणतात. म्हणून फायली ओढून टाकू नका, आरसिंक नावाचं साधन वापरा. ते झालेल्या फायली सोडून पुढच्या घेतं.

मुहूर्त पहाटेचा धरा. कितीतरी पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान 5 ते 35 अंश दिलेलं असतं. ज्याने ते लिहिलं त्याने मे महिन्यात भुसावळ स्टेशनवर गाडी बदललेली नाही. तिथे पारा 45 ओलांडतो. काम झालं की वायर काढा. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसला सर्व्हरइतकीच सोयीची.

एवढं करून निवांत झालात? आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून घेतली. बहिणाबाई 1951 च्या डिसेंबरात गेल्या आणि पुस्तक निघालं 1952 मध्ये. टिपलं ते उरलं, बाकीचं त्यांच्याबरोबर गेलं. आपल्या खान्देशात बॅकअपवर याहून अधिक सांगायची गरज पडू नये.

म्हणून दुसरी डिस्क, आणि ती घरात नको. भुसावळला दिलेल्या बहिणीकडे ठेवा. मधे तापी आहे, यावलची आग किंवा चोर तिकडे पोचणार नाही. राखी, दिवाळी, आखाजी असं बहिणीचं माहेरी येणं होतंच. येताना तिने तिची डिस्क आणायची, जाताना ताजी न्यायची. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. इतकी स्वस्त दूरस्थ साठवण कुठलीच कंपनी देत नाही. डिस्क तिच्या कपाटात साड्यांखाली राहील. मेव्हण्यांना 'यात सिनेमे आहेत का' विचारू द्या, पण पासवर्ड देऊ नका.

तेव्हा चार कप्प्यांची पेटी नको. दोन साध्या डिस्क घ्या, उरलेल्या पैशात इन्व्हर्टरची बॅटरी बदला. आणि आज संध्याकाळी, वीज आहे तोवर, बारशाचा एक व्हिडिओ सर्व्हरवरून नव्हे तर बॅकअपच्या डिस्कवरून उघडून बघा. उघडला नाही, तर पहिल्या पायरीपासून पुन्हा वाचा.