स्वतःचे तांदूळ घेऊन आलेला पाहुणा

भंडारा जिल्हा धानाचा. दिघोरीत पाहुणा आला तर भात घरचाच, यात विचारायचं काय? म्हणूनच लिनक्सवर सॉफ्टवेअर कुठल्या फाइलमधून बसवावं यावरून मंडळी हमरीतुमरीवर आली की मला आधी चूल आठवते.

डेबियनची 'डेब' ही जुन्या वळणाची पाहुणी. सामान मोजकं, लागेल ते घरातलं वापरते, नसेल ते डेबियनचा 'ॲप्ट' धावत जाऊन आणतो. फाइल उघडली तर आत तीन गोष्टी निघतात. एकीत नुसतं '२.०' लिहिलेलं, बाकी काही नाही. दुसरीत खरी गंमत: कोणावाचून अडेल, कोणाची शिफारस आहे, कोण असलं तर बरं आणि कोणाशी मुळीच पटत नाही, सगळं स्पष्ट. माणसांनी येण्याआधी एवढं कळवलं असतं तर! तिसरीत खरं सामान.

रेड हॅटची 'आरपीएम' तिची चुलत बहीण. तिच्या सुरुवातीचे ९६ बाइट आता जवळपास बिनकामाचे. फाइल ओळखू यावी एवढ्यासाठी ठेवलेत. सेवानिवृत्तांनी यावर हसू नये. आपल्या मराठीसाठीचा लोहित फॉन्ट डेबियनात 'फॉन्ट्स-लोहित-देवा', तर आरपीएमवाल्या फेडोरात 'लोहित-देवनागरी-फॉन्ट्स'. अक्षरं तीच, वाद पिशवीचा. 'एलियन' नावाचं साधन एका पिशवीतलं दुसरीत भरून देतं, पण घरच्या चालीरीती थोड्याच भरता येतात?

नवी पिढी स्वयंपूर्ण. 'फ्लॅटपॅक'वाले सगळे मिळून अंगणात वेगळी चूल मांडतात. त्यातल्या पहिल्या ॲपसोबत शेकडो एमबीचं सरपण येतं. 'स्नॅप' तर दिवसातून चारदा नवीन काही आलंय का पाहून येतो. मोबाइलच्या रोजच्या मोजक्या डेटावर लॅपटॉप चालवणाऱ्या घरात हा पाहुणचार महागच. माझं मत डेबला. मात्र जुन्या डेबियनवर चित्रं सुधारायचं नवं 'गिंप' हवं असेल तर फ्लॅटपॅक मुकाट्याने घ्यावा. घरच्या चुलीवर ते शिजत नाही.

राहिला 'ॲपइमेज'. हा बहुतेक सगळं बांधूनच येतो. चालवायची परवानगी दिली की ओसरीवरच सुरू, घरात पाऊलही टाकत नाही. आवडला नाही तर फाइल पुसावी. निरोपाचा चहासुद्धा लागत नाही.