पदपथावरील फलकरावांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री फलकराव पदपथकर, वस्ती भर रहदारी, शहर पुणे, यांचे सेवेशी

सादर नमस्कार विनंती विशेष.

आपली प्रकृती उत्तम असल्याचे रोज समक्ष पाहत असल्यामुळे कुशल विचारण्याचा उपचार गाळीत आहे. आमची प्रकृती आपण कधी विचारली नाही, याबद्दलही तक्रार नाही. कारण आपण ज्याच्या वाटेत उभे राहता तो आपल्यापाशी थांबतच नाही, तो मुकाट्याने खाली डांबरी रस्त्यावर उतरतो, दुचाक्यांच्या लोंढ्यातून जीव मुठीत धरून चार पावले सरकतो, आणि आता पुन्हा वर चढावे म्हणतो, तो तेथे आपले धाकटे बंधू उभे असतात.

आपल्या कुळाचा विस्तार अचंबा वाटावा असा आहे. शिकवणी वर्ग, अमृततुल्य, मोबाईलदुरुस्ती, साड्यांचा सेल, भाड्याने खोली, अशा नाना शाखांत तो पसरला असून नवी पिढी आपणा सर्वांस लाडाने ‘स्टँडी’ म्हणते. त्यांतले एक गृहस्थ माझ्या विशेष परिचयाचे. लोखंडी पट्ट्यांचे पाय फाकून ते उभे असतात. वाऱ्याने उलथू नयेत म्हणून पायाशी फुटक्या फरशीचा तुकडा ठेवलेला. फ्लेक्सची एक कड उसवून फडफडते. आणि छातीवर ठळक अक्षरांत ‘नेत्रतपासणी मोफत’ असे औदार्य झळकते. उभे कोठे, तर अंधांना वाट कळावी म्हणून पदपथात बसवलेल्या पिवळ्या खाचेदार फरश्यांच्या नेमक्या मध्यावर. त्या फरशीवरील लांबट उंचवटे ‘पुढे चला’ म्हणतात, गोल ठिपके ‘सावध’ म्हणतात. १९६७ साली जपानातील ओकायामा शहरात ही योजना प्रथम अमलात आली तेव्हा तिच्या कर्त्याने, सेइइची मियाके याने, पुढेमागे या दोन खुणांखेरीज ‘चष्मा घ्या’ अशी तिसरीही खूण लागेल, असा विचार केला नसावा.

आपल्या हक्काचा कागद असेल तर तो पाहावा, या सद्हेतूने मी थोडे दप्तर चाळले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९, जो वडीलधाऱ्यांना मुंबई प्रांतिक या जुन्या नावाने ठाऊक होता, त्याच्या कलम २४५ अन्वये आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून जाहिरात लावता येत नाही. आपल्याच वास्तूवर आपल्याच धंद्याची पाटी लावणाऱ्यास त्यात सवलत आहे, पण ती उंबरठ्याशी संपते. कलम २३१ तर इतके अरसिक की सार्वजनिक रस्त्यावर बेकायदा मांडलेली वस्तू पूर्वसूचना न देता उचलण्याची मुभा ते आयुक्तांस देते. म्हटले, कागद नसेना का, वहिवाट तरी असेल! १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात रस्त्याचा गेलेला कबजा परत मागण्यास स्थानिक संस्थेला तब्बल तीस वर्षांची मुदत दिली आहे, तेव्हा एवढा काळ चिकाटीने उभे राहणाऱ्यास आशेला जागा होती. परंतु येथे आपली शिस्तच आपणांस नडली. दुकानाचे शटर पडण्याच्या सुमारास आपण नित्यनेमाने आत जाता. म्हणजे कबजा रोज रात्री खंडित होतो आणि रोज सकाळी नव्याने अतिक्रमण होते. इतक्या नेमस्त वृत्तीच्या माणसाला वहिवाटीचा हक्क मिळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आत जाण्याची आपली तत्परता मात्र रात्रीपुरती मर्यादित नाही. अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी चौकात वळली, ही वार्ता गाडीच्या आधी पोहोचते. दुकानातला पोऱ्या धावत येतो, पाय मिटून आपणांस काखोटीस मारतो आणि काउंटरमागे नेऊन ठेवतो. फरशीचा तुकडा तेवढा, जणू जागा राखण्यासाठी, बाहेर राहतो. गाडी पुढे गेली की आपण पुनश्च स्थानापन्न. एवढी चपळाई आपल्या अंगी आहे, तर एखादी आजी काठी टेकीत येताना तिचा थोडा तरी विनियोग व्हावा, अशी माझी अल्पशी सूचना आहे.

आपल्या घराण्यातील जे भिंतीतून आडवे बाहेर येऊन डोक्याच्या उंचीवर लोंबतात, ते आपल्याहूनही धूर्त. अंधाची पांढरी काठी जमिनीलगत फिरते. आपले पाय तिला निदान लागतात, पण लोंबत्या पाटीच्या खालून ती निर्वेध निघून जाते आणि पाटीची वार्ता प्रथम कपाळास कळते. इंडियन रोड्स काँग्रेसने याचसाठी पदपथावर २.२ मीटर मोकळी उंची आणि व्यापारी भागात अडीच मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. मोकळी, हे विशेषण रोहित्र, झाड, खांब आणि आपण, या सर्वांना वगळून उरलेल्या जागेस लागू पडते, हे नम्रपणे नमूद करतो.

२०२२ साली दुकानांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन लहानमोठ्या सर्व दुकानांवर मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, इतर लिपीतील अक्षरे मराठी अक्षरांहून मोठी नसावीत असे ठरले, आणि हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मराठीचा मान वाढला, आनंद आहे. फक्त मातृभाषेतील पाटीला ठेचकाळलेल्या अंगठ्याची कळ कमी होते, असा अनुभव नाही. त्याच न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी अडथळामुक्त पदपथ हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात मोडतो, असेही सांगितले. आमच्या शहराने तर २०१६ मध्येच पादचारी धोरण स्वीकारले आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. वर्षातील एक दिवस आम्हांस बहाल झाला; उरलेल्यांची वाटणी आपसांत करून घ्यावी, अशी बहुधा अपेक्षा असावी.

तरी आपला अगदीच विरस नको म्हणून मी एक दरखास्त तयार केली आहे. पादचाऱ्यांनीच आपल्याकडे अर्ज करावा, फी भरावी, आणि दुकाने बंद असतील त्या वेळात, फलकांस धक्का न लावण्याच्या अटीवर, चालण्याचा तात्पुरता परवाना घ्यावा. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यास सुमारे तीन फुटांची सलग वाट लागते, तेव्हा त्याच्याकडून जादा आकार घेण्यास हरकत नसावी.

दरखास्त नामंजूर झाल्यास तहाची कलमे अशी सुचवितो की, आपण उंबरठ्याच्या आत उभे राहावे किंवा भिंतीला पाठ टेकून सपाट व्हावे. दुकानदारांशी आमचे वैर नाही. वाड्याच्या आतल्या चौकात, दुसऱ्या मजल्यावर, अंधाऱ्या जिन्याच्या टोकाशी बसणाऱ्या शिंप्याचे गिऱ्हाईक पाटीवाचून चुकते, हे खरेच आहे, आणि त्याची अडचण दर्शनी दुकानदाराच्या हौसेशी एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण त्यावरही जुन्या पुण्याने तोडगा काढून ठेवला होता: दिंडीदरवाजाच्या आतल्या भिंतीवर वकील, वैद्य, ज्योतिषी, शिवणकामवाले यांच्या पाट्या एकाखाली एक, बाणासकट, गुण्यागोविंदाने नांदत, आणि त्यांतली एकही रस्त्यावर पाय टाकीत नसे.

उत्तराची वाट पाहतो. ते आपल्याच छातीवर छापले तरी चालेल. मात्र अक्षर दुरून वाचता येईल एवढे मोठे असावे, कारण जवळ येण्यास जागा नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक पादचारी
(तूर्त मुक्काम डांबरी रस्ता)