माइलकर डॅलसला निघाले

माइलकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव आता पासपोर्टवर आणि कोथरूडच्या फ्लॅटच्या पाटीवर तेवढं उरलंय. एडिसनच्या गणपतीत आरती संपून प्रसादाची रांग लागली, की माइलकर पुढच्याला विचारतात, “किराणा कुठल्या कार्डावर घेतोस?” समोरच्याने काहीही सांगितलं तरी पुढचं वाक्य ठरलेलं, “नुकसान करून घेतोयस.” मग हातातली खिरापत संपेपर्यंत त्याची सुटका नाही. न्यू जर्सी असो, बे एरिया असो की सिंगापूर, जिथे मराठी मंडळ आहे आणि तासाभरावर विमानतळ आहे, तिथे एक माइलकर असतोच. वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी आयटीतली, स्वभाव शांत. फक्त विमानात चढायची घोषणा झाली की छाती दोन इंच पुढे येते.

त्यांच्या केबिन बॅगेच्या मुठीला टॅगांचा झुबका लोंबतो. त्यातला एक जेट एअरवेजचा. जेटची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, पण टॅग उतरलेला नाही. किंगफिशर तर त्याच्याही आधी, २०१२ सालीच जमिनीवर आली. तिच्या ‘किंग क्लब’चं कार्ड माइलकरांच्या पाकिटात अजून आहे, गजानन महाराजांच्या फोटोमागे. “कंपनी उद्या परत सुरू झाली तर?” असं ते विचारतात आणि विचारताना हसत नाहीत.

अशा या सुखी माणसाच्या बायकोला डॅलसजवळ प्लेनोला नोकरी लागली. पगार चांगला, टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, फ्रिस्कोला हनुमानाचं देऊळ आहे, शाळा उत्तम. बाई रात्रभर घरं बघत बसल्या. घरपट्टीचा आकडा बघून एकदा दचकल्या, पण सावरल्या. माइलकर मात्र सोफ्यावर डोकं धरून बसले होते.

“अरे, काय झालं?”

“तिथे युनायटेडचं हब नाही.”

दुःख खोटं नव्हतं. न्यूअर्क हा युनायटेड एअरलाइन्सचा बालेकिल्ला, आणि तो तिला मिळाला काँटिनेंटलकडून. काँटिनेंटलने २००७ साली न्यूअर्कहून थेट मुंबईला विमान सुरू केलं, तेव्हा एडिसनच्या मराठी घरांत जणू दारात एसटी थांबायला लागल्याचा आनंद झाला. २०१० मध्ये काँटिनेंटल आणि युनायटेड एक झाल्या, पुढे प्रवाशांच्या माइल्सची, म्हणजे उडण्याबद्दल मिळणाऱ्या बक्षीस-गुणांची, खातीही एक झाली. तेव्हापासून माइलकरांचं आयुष्य एका आकड्याकडे चाललंय. युनायटेडच्या विमानांतून दहा लाख मैल उडालं की ‘गोल्ड’ दर्जा जन्मभर मिळतो आणि तोच दर्जा जोडीदारालाही. माइलकर सात लाखांच्या पुढे आहेत. जन्मभर ग्रुप वन! निवृत्तीनंतर, काठी टेकत का होईना, पण पहिल्या रांगेतून चढायचं. आणि आता ही बाई डॅलस म्हणते.

डॅलसच्या बाबतीत माणसाला निवड अशी नसतेच. डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळ हे अमेरिकन एअरलाइन्सचं माहेर. मुख्यालय फोर्ट वर्थलाच आणि विमानतळावरची बहुतेक उड्डाणं तिचीच. युनायटेडने जायचं तर आधी ह्यूस्टन, डेन्व्हर, शिकागो, न्यूअर्क असं तिच्या कुठल्या तरी हबला जायचं आणि मग पुढे. शहराच्या पोटात लव्ह फील्ड नावाचा दुसरा विमानतळ आहे, तो साउथवेस्टचा. मोठा विमानतळ चालावा म्हणून १९७९ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा केला, की लव्ह फील्डवरून टेक्सस आणि शेजारच्या राज्यांपलीकडे थेट जायचं नाही. त्या कायद्याचे निर्बंध २०१४ साली पूर्ण उठले. पण साउथवेस्ट भारतात जात नाही, त्यामुळे माइलकरांनी तिच्यावर दोन मिनिटंसुद्धा घालवली नाहीत.

अमेरिकेत बहुतेक मोठ्या शहरांची हीच गत. अटलांटा, मिनियापोलिस आणि डेट्रॉइट डेल्टाचे, शार्लट अमेरिकनचं. सियाटलमध्ये डेल्टा आणि अलास्का एकमेकींशी भांडतात, शिकागोच्या ओहेअरवर युनायटेड आणि अमेरिकन. भांडण असलं की गिऱ्हाइकाला मान मिळतो, हे माइलकर जाणतात. म्हणून त्यांनी बायकोला अत्यंत गंभीरपणे सुचवलं, “तुझ्या कंपनीचं शिकागोला ऑफिस नाही का?” त्या रात्री जेवायला सकाळचीच आमटी होती.

मग एक्सेलची शीट तयार झाली. मुलीसाठी स्थळं बघावीत तशी माइलकरांनी विमान कंपन्यांची माहिती काढली. घराणं कुठलं, म्हणजे कंपन्यांच्या युतींपैकी स्टार अलायन्स, वनवर्ल्ड की स्कायटीम? नातेवाईक कोण? पूर्वी कुणाला फसवलंय का? स्टार अलायन्स १९९७ ची, सर्वांत थोरली. वनवर्ल्ड १९९९ ची आणि स्कायटीम २००० ची. एअर इंडिया २०१४ च्या जुलैत स्टारमध्ये आली, त्यामुळे ते घर ‘आपल्यातलं’. डेल्टाने २०१५ सालीच बक्षिसाच्या तिकिटांचे ठरलेले तक्ते काढून टाकले. आता आज किती माइल्स मागेल ते तिचं तिलाच ठाऊक, म्हणून जाणकार तिच्या स्कायमाइल्सना ‘स्कायपेसो’ म्हणतात. युनायटेडने २०१९ मध्ये तेच केलं, पण माइलकरांनी ते मनावर घेतलं नव्हतं. प्रेमात माणूस एवढं चालवून घेतो.

माइल्सचा हा सगळा उद्योग मोठ्या प्रमाणावर सुरू केला तो अमेरिकनने, १ मे १९८१ ला. महाराष्ट्र दिनाला! माइलकर हे सांगताना आवाज खाली आणतात. १९७८ मध्ये सरकारने विमान कंपन्यांवरचं भाड्याचं आणि मार्गांचं नियंत्रण उठवलं. मग तिकिटाचे दर कोसळायला लागले आणि गिऱ्हाईक टिकवायचं कसं हा प्रश्न पडला. अमेरिकनने आपल्या ‘सेबर’ या आरक्षण यंत्रणेत पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर शोधले, म्हणजे जास्त प्रवास करणारे कोण ते कळलं, आणि त्यांना सभासद करून टाकलं. काही दिवसांतच युनायटेडही मागोमाग आली. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही त्याच १९८१ सालची. या दोन घटनांचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर माइलकर नुसते मान हलवतात.

पूर्वी हिशेब सरळ होता. जेवढं अंतर उडाल तेवढे मैल खात्यावर. त्या सुवर्णकाळात माइलकर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन रात्री परत यायचे. तिथे काम काही नसायचं. विमानतळावरच एक कॉफी घ्यायची आणि उलट फिरायचं. त्याला ‘माइलेज रन’ म्हणतात. बायकोने एकदा विचारलं, “गोल्डन गेट बघितलास का?” तर म्हणाले, “खिडकीतून.” २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने आणि २०१६ मध्ये अमेरिकनने अंतर सोडून तिकिटाच्या डॉलरवर माइल्स द्यायला सुरुवात केली आणि हा धंदा बसला. स्वस्त तिकीट काढून लांब उडणारा माणूस कंपनीला काय कामाचा, हे कंपन्यांना उशिरा का होईना कळलं. माइलकर त्या वर्षांबद्दल फार बोलत नाहीत.

त्यांचे आदर्श मोठे आहेत. कॅलिफोर्नियातल्या एका सिव्हिल इंजिनिअरने १९९९ साली हिशेब केला, की एका कंपनीच्या पुडिंगवरची लेबलं पाठवली तर मिळणारे माइल्स पुडिंगच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. पठ्ठ्याने १२,१५० पुडिंग घेतली. खर्च ३,१४० डॉलर, मिळाले साडेबारा लाख माइल्स. लेबलं सोलायला माणसं हवीत, म्हणून त्याने पुडिंग सॅल्व्हेशन आर्मीला दान केलं आणि लेबलं त्यांच्या स्वयंसेवकांकडून सोलून घेतली. वर त्या दानावर आयकरात सूटही मिळवली. हा भाग सांगताना माइलकरांचे डोळे पाणावतात. बुद्धी वापरणारे जगात पुष्कळ, पण दान करून सूटही घेणारा हा माणूस त्यांना थेट सदाशिव पेठेतला वाटतो.

दुसरी कथा नाण्यांची. अमेरिकी टांकसाळ एक डॉलरची नाणी दर्शनी किमतीला घरपोच द्यायची, टपालखर्च सरकारचा. लोक क्रेडिट कार्डावर हजारोंनी नाणी मागवायचे, खोकी न फोडताच बँकेत भरायचे, त्या पैशांत कार्डाचं बिल भागवायचे आणि माइल्स ठेवून घ्यायचे. २०११ मध्ये टांकसाळीने कार्ड घेणं बंद केलं. माइलकरांना ही युक्ती कळली २०१२ मध्ये. त्यांच्या आयुष्यातली ही एक ठसठसणारी जागा आहे.

आणि तिसरी गोष्ट ते फक्त नवशिक्यांना सांगतात. मिनियापोलिसच्या एका रब्बींना नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने २००८ मध्ये आपल्या माइल्सच्या योजनेतून काढून टाकलं. का? तक्रारी फार करतात म्हणून. काही महिन्यांत दोन डझन तक्रारी, त्यातल्या कित्येक बॅग पट्ट्यावर उशिरा आल्याच्या. रब्बी कोर्टात गेले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २०१४ मध्ये नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी निकाल विमान कंपनीच्या बाजूने दिला. तेव्हापासून माइलकर तक्रारीच्या पत्राची सुरुवात ‘आपल्या उत्कृष्ट सेवेचा मी जुना चाहता’ अशी करतात.

तर निवड. पहिला पर्याय अमेरिकनशी जमवून घेण्याचा. एका कंपनीतला दर्जा दाखवला की प्रतिस्पर्धी कंपनी कधीकधी आपल्याकडचा तसाच दर्जा काही महिने देऊन बघते. त्याला ‘स्टेटस मॅच’ म्हणतात. पुढे टिकवायचं ते ज्याचं त्याने. अमेरिकनमध्ये ‘गोल्ड’साठी वर्षाला ४०,००० पॉइंट लागतात आणि साध्या सभासदाला डॉलरमागे पाच मिळतात. म्हणजे नुसत्या तिकिटांवर आठ हजार डॉलर. पण गंमत पुढे आहे. २०२२ पासून तिथे कार्डावरची खरेदीही दर्जासाठी धरतात. त्यांच्या साइटवरून मागवलेले मोजे, फुलं, हॉटेलातलं जेवण, सगळं चालतं. विमानात पाऊल न ठेवता विमानातला मानकरी होता येतं! माइलकरांना हे तत्त्वतः पटलं नाही, पण त्यांनी त्याच रात्री मोजे मागवले.

दुसरा पर्याय ऐकून मंडळातले लोक अजून चक्रावतात. युनायटेडच्या स्वतःच्या गोल्ड सभासदाला देशांतर्गत प्रवासात तिच्या लाउंजमध्ये घेत नाहीत. पण स्टार अलायन्समधल्या परदेशी कंपनीचा गोल्ड आला, तर त्याच दारातून त्याला या म्हणतात. म्हणून हुशार माणसं अमेरिकेतच उडतात आणि खातं उघडतात ग्रीसच्या एजियनमध्ये. माइलकरांनी आयुष्यात ग्रीस बघितलेलं नाही. पण लाउंजमधलं गाजर आणि हमस हे हक्काने खायचं असतं, मेहेरबानीने नव्हे, हा मुद्दा त्यांना पटलेला आहे. तसं लाउंजमधून त्यांनी घरी काय आणलं म्हणाल, तर केळी.

सासरे पुण्याहून फोनवर म्हणाले, “एवढं डोकं कशाला पिकवता? इंडिगोनं जा.” इंडिगोने २००६ ते २०२४ अशी अठरा वर्षं असली योजनाच ठेवली नव्हती, आणि तरी पुढे देशातले निम्म्याहून जास्त विमानप्रवासी तिच्याच विमानांत बसले. तिची ‘ब्लूचिप’ योजना आली ती त्यानंतरच. माइलकरांना हा युक्तिवाद अडाणीपणाचा वाटतो. त्याचं उत्तर मात्र त्यांना अजून सापडलेलं नाही.

कारण खरं खातं वेगळ्याच पुस्तकात आहे. २०२० मध्ये कोविडने विमानं जमिनीवर आणली, तेव्हा युनायटेडने आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. डेल्टाने ९ अब्ज, अमेरिकनने पुढच्या वर्षी १० अब्ज. त्या वेळच्या मूल्यांकनात युनायटेडच्या योजनेची किंमत अख्ख्या कंपनीच्या बाजारमूल्याहून जास्त निघाली होती. बँका माइल्स विकत घेतात, कार्डधारकांना वाटतात, आणि विमान त्या सगळ्याला निमित्त. माइलकरांना हे वाचून आनंदच झाला. म्हणजे आपण नुसते प्रवासी नाही, आपण तारण आहोत.

शीट सहा पानांची झाली. निष्कर्ष असा निघाला, की डॅलसहून युनायटेडने ह्यूस्टन किंवा न्यूअर्कमार्गे जात राहायचं, अमेरिकनचं खातं मोज्यांवर जिवंत ठेवायचं आणि एजियनचं बघायचं. भारतात जाताना अमेरिकन घ्यायची तर न्यूयॉर्कहून दिल्ली, तिथून मुंबई. म्हणजे तीन विमानं, दोन मुलं, आणि दिल्लीत बॅगा परत ताब्यात घ्यायच्या. माइलकर हे सगळं पडद्यावर दाखवत होते तेव्हा बाई फोनवर काहीतरी करत होत्या.

“झालं बुकिंग,” त्या म्हणाल्या. “डॅलस-दुबई-मुंबई. एमिरेट्स. डिसेंबर.”

एमिरेट्स! जी ना स्टारमध्ये, ना वनवर्ल्डमध्ये, ना स्कायटीममध्ये. चारही तिकिटांवर सभासद क्रमांकाचा रकाना कोरा. माइलकर पाचेक मिनिटं काही बोलले नाहीत. मग त्यांनी नवी टॅब उघडली. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्समध्ये कुटुंबाचं एकत्र खातं करता येतं, आठ जणांपर्यंत. घरातले चार झाले. रात्रीचे साडेबारा वाजले होते, म्हणजे पुण्यात सकाळ. त्यांनी कोथरूडला फोन लावला.

“बाबा, तुमच्या मेलवर आत्ता एक नंबर आला असेल. वाचून दाखवा.”

“कुठल्या बँकेचं आहे?”

“बँक नाही बाबा. विमान कंपनी आहे.”

“थांब, चष्मा आणतो.” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कपाट, मग आईचं काहीतरी बोलणं. “हं, आहे. पण मी कुठं चाललोय?”

“कुठंच नाही. तुम्ही फक्त नंबर वाचा. आणि आईलाही फोन द्या, तिचं पण उघडायचंय.”