लिव्हरपाशी नाना

पहाटे कुणाच्या तरी विहिरीवर हँडल फिरल्याचा खळखळाट एकदा होतो, दोनदा होतो, तिसऱ्यांदा होतो आणि त्याच्यामागून 'फट् फट्' काही येत नाही. नाना अंथरुणात उठून बसतात. चहा घेत नाहीत. कोनाड्यातला चौदा-पंधराचा पाना बंडीच्या खिशात टाकतात आणि निघतात. चेहरा मयताला निघाल्यासारखा, चाल मात्र वरातीची.

नाना मेकॅनिक नाहीत. मेकॅनिकला पैसे हवे असतात आणि घरी जायची घाई असते. नानांना दोन्ही नाही. चालू इंजिनाशी त्यांना काही कर्तव्य नाही. धडधडत पाणी ओतणाऱ्या इंजिनावरून ते ओळख नसल्यासारखे जातात. बंद पडलं की लगेच जवळचे नातेवाईक.

त्यांचं स्वतःचंही एक आहे. पाच हॉर्सपॉवर, उभा सिलिंडर, दोन्ही अंगांना जात्याला लाजवतील अशी चाकं. मिनिटाला साडेसहाशे फेऱ्या, म्हणजे आजच्या इंजिनांच्या मानाने कीर्तनाची लय. नावाची पितळी पट्टी फार पूर्वी कुणीतरी भंगारात घातली. त्यामुळे ते विलायती आहे असं नाना म्हणतात, आणि राजकोटचं आहे असं धाकटे काका. इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर इंजिनाची ठेवण राजकोटकरांनी इतकी हुबेहूब उचलली आहे, की हा वाद मिटायची भीती नाही.

इंजिनाचं वेड आमच्या सातारच्या पाण्यातच असावं. साताऱ्यात इंजिनांचा कारखाना चालवणारे सर धनजीशा कूपर १९३७ साली मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले होते. सर्वांत जास्त जागा मिळवलेल्या काँग्रेसने आधी सरकार करायला नकार दिला, म्हणून यांचं आलं, आणि साडेतीन महिन्यांत गेलं. नानांना हा इतिहास मी सांगितला तेव्हा ते म्हणाले, "हँडल मारायलाच माणसं नव्हती. लिव्हर पाडून काय उपयोग?"

लिव्हरचं सांगायला हवं, कारण नानांचं सगळं आयुष्य त्या लिव्हरपाशी गेलं. या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि तीत डिझेलचा फवारा गेला की तो आपोआप पेटतो. पण एवढी हवा हाताने दाबायची तर माणूस पैलवान लागतो. म्हणून आधी लिव्हर उचलून व्हॉल्व उघडा ठेवायचा, हवा मोकळी जाऊ द्यायची, हँडल मारून चाकांना वेग द्यायचा आणि वेग भरला की लिव्हर पाडायची. हँडल मारणाऱ्याच्या छातीचा भाता होतो. लिव्हर पाडणाऱ्याला एक बोट पुरतं. चालू झालं तर लिव्हर वेळेवर पडली म्हणून, नाही झालं तर हँडलला जोर नव्हता म्हणून. नानांना मी आजवर हँडलच्या बाजूला पाहिलेलं नाही. तरुणपणी ते तिकडेच असत, याचा पुरावा म्हणून ते वाकडा अंगठा दाखवतात. "अंगठा बोटांच्या बाजूला ठेव. हँडल उलटं आलं, तर तू घरी जाशील, अंगठा इथंच ऱ्हाईल."

गेल्या जानेवारीत विजेचा डीपी जळाला. गहू ओंबीवर, विहिरीला पाणी, आणि मोटर चार दिवस मुकी. नानांच्या तोंडावर असं तेज आलं की काकू म्हणाल्या, "तुम्हीच जाळला न्हवं?" इंजिनावरची ताडपत्री निघाली. हँडल बसलं. तीन पोरं आलटून पालटून फिरवून थकली. नानांनी लिव्हर पाडली, चाकं दोन वेढे घेऊन हुंकार देत थांबली. धुराड्यातून काही नाही.

"धूर न्हाई," नाना समाधानाने म्हणाले. "म्हंजे डिझेलच पोचंना. पांढरा आला असता तर डिझेल पोचतंय पर पेटंना. काळा आला असता तर हवा कमी." रोग्याची जीभ न बघता निदान करणारा वैद्य त्यांना आवडत नाही.

एव्हाना विहिरीवर नऊ माणसं जमली होती. मोटारसायकलवरून आलेल्या एका पोराने "प्लग काढून बघा की," म्हटलं. नानांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, गाडीकडे पाहिलं. पोरगं गेलं.

"एअर धरलंय." हा नानांचा लाडका रोग. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पंप ती हवाच दाबत बसतो आणि नोझलपर्यंत काही जात नाही. नानांच्या मते जगातल्या बहुतेक गोष्टी याच कारणाने अडतात. भावकीतली वाटणी, पतपेढीचं कर्ज, थोरल्या पुतण्याचं लग्न, सगळ्याला एअर धरलेलं. त्यांनी नट सैल केले, फेस आला, फेस गेला, निव्वळ डिझेल आलं, नट आवळले. मग पेचकसाचं एक टोक नोझलवर आणि मूठ कानाला. "फिरवा हळू... गप ऱ्हावा की जरा!" नोझल फवारताना 'कर्र' असं बोलतं. नाना ऐकत राहिले. नऊ माणसं श्वास रोखून. "बोलतंय," ते म्हणाले, "पर मनापास्नं न्हाई."

त्या शांततेत मी आपलं शहाणपण पाजळलं. हे इंजिन काढणारा रुडॉल्फ डिझेल १९१३ साली इंग्लंडला निघाला होता आणि रात्रीत बोटीवरून नाहीसा झाला, असं सांगितलं. नानांना फार वाईट वाटलं. "बोटीवर कुनीतरी म्हनलं असंल," ते म्हणाले, "सायेब, जरा बघता का, चालूच हुईना."

दहा वाजता नाना न्याहारीला घरी गेले. ते नसताना धाकट्या काकांनी नोझल खोलून पुसलं, हवेच्या तोंडातून चमचाभर ऑइल सोडलं, डिझेलचा बोळा पेटवून तिथंच धरला आणि पोरांना म्हणाले, "मारा." भस्सकन पांढरा लोट आला, मग एक फट्, थोडा विचार, दुसरा फट्, आणि मग ती जुनी कीर्तनाची लय. पाइपातून गढूळ पाणी आलं, एक बेडूक आला, मग स्वच्छ धार. पोरांनी नाचायचं तेवढं बाकी ठेवलं.

नाना हातातली भाकरी घेऊन पळत आले. इंजिनाभोवती एक फेरी मारली. धुराड्यावर हात धरला, हाताचा वास घेतला.

"काय काय केलंत?"

काकांनी सांगितलं.

"तिन्ही एकदम?"

"व्हय. चालू झालं की."

"पर कशानं झालं?" नानांचा आवाज चढला. "एकावेळी एकच करायचं असतंय, करून बघायचं, मग दुसरं! तीन औषधं एकदम दिली, आता बरा कशानं झाला हे कुनी सांगायचं?" आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी पंपाचा खटका उचलला. लय संथ झाली, दोन उसासे आले, चाकं थांबली. धारेचं टिपकणं झालं.

त्या दिवशी ते पुन्हा चालू झालं नाही.

दुसऱ्या दिवशीही आम्ही तिथंच होतो. आता नाना पद्धतशीर चालले होते. एक नट, एक हँडल, एक लिव्हर. दुपारी केव्हातरी नवा डीपी बसला असावा. स्टार्टरला लावलेल्या ऑटोने खट् केलं, मोटर गुणगुणली आणि पाटाला पाणी लागलं. ते धोतराला लागेपर्यंत नाना उठले नाहीत. मग पाय वर घेतले, चौथऱ्यावर नीट मांडी घातली आणि माझ्यापुढे हात केला.

"चौदा-पंधरा दे."