मालक, ओरिजिनल का चालू?

सोलापूरच्या भवानी पेठेत कुणाच्याही हातात चादर द्या. तो आधी तिची किनार चिमटीत धरील, मग उलटी करून बघेल आणि किंमतही न विचारता निकाल देईल, ‘ही आपल्याकडची नव्हे.’ मागाच्या खडखडाटात वाढलेल्या बोटांना हे कळतं. सोलापुरी चादरीला २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रात अगदी सुरुवातीच्या मालांत. तरी पानिपतात विणलेला माल आपल्या नावानं खपतो, ही इथली जुनी सल. (पानिपत आणि मराठी माणूस यांचं १७६१ पासून काही जमत नाही.) या विषयावर चहाच्या टपरीवर तावातावानं बोलणारा माणूस फोनची केबल तुटली की कोपऱ्यावरच्या दुकानात शिरतो. दुकानदार विचारतो, ‘मालक, ओरिजिनल देऊ का चालू?’ आणि मालक बिनदिक्कत सांगतात, ‘चालू द्या की. वायर तर आहे.’

सुताच्या गावात असं बोलणं शोभत नाही. सुताचा काउंट जितका मोठा तितकं सूत बारीक, हे इथं शाळेआधी कळतं. तारेच्या गेजचंही नेमकं तसंच आहे. २४ गेजची तार जाड, २८ ची बारीक. बारीक तारेतून जास्त वीज ओढायला गेलं की व्होल्टेज वाटेतच गळतं, केबल कोमट होते आणि फोन तासन् तास लावूनही अर्ध्यावर. पण तार असते आत. वर असते नायलॉनची झकास वीण, आणि आमची बोटं भाळतात ती विणीवर.

शिवाय टाइप-सी केबल नुसती तार नसते, ती फोनशी बोलते. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी पिन आणि दुसऱ्याला टाइप-सी अशी केबल असेल, तर तिच्यात ५६ किलो-ओहमचा एक चिमुकला रेझिस्टर हवा. त्याचा अर्थ, ‘पुढचा चार्जर साधा आहे, बेतानं घे.’ स्वस्तातल्या काही केबलींत तिथं १० किलो-ओहमचा बसवलेला सापडला. म्हणजे केबल फोनला सांगणार, ‘घे बिनधास्त तीन अँपिअर,’ आणि बिचारा चार्जर घामाघूम. गूगलमधले इंजिनिअर बेन्सन लिउंग २०१५ मध्ये असल्या केबली ऑनलाइन विकत घेऊन तपासू लागले. पुढच्या फेब्रुवारीत एका केबलीनं त्यांचा लॅपटॉपच निकामी केला. आत धन आणि ऋण तारा चक्क उलट्या जोडलेल्या होत्या. वरून दिसायला ती केबलही व्यवस्थितच.

म्हणून दुसऱ्या कंपनीची प्रत्येक केबल खोटी, असं मात्र मुळीच नाही. फोन बनवणाऱ्यांना आपण तसं समजलेलं आवडतं, ही गोष्ट वेगळी. ॲपलनं २०१२ मध्ये लाइटनिंग पिन आणली तीच ओळख पटवणारी चिप घालून. परवाना नसलेली केबल लावली की फोन कुरकुरायचा. शेवटी २०२३ मध्ये आयफोनही टाइप-सीवर आला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघानं नव्या फोनांना टाइप-सीची सक्तीच केली. एका कारखान्यासारखी चांगली चादर दुसऱ्यानं विणली तर ती नकली ठरत नाही. दुसऱ्याचं लेबल शिवलं की ठरते. नियमानं बनवलेली, स्वतःचं नाव लावणारी तिऱ्हाईत केबल खुशाल घ्यावी. माझा राग आहे तो नामांकित कंपनीचा छाप मारून रस्त्यावर लटकणाऱ्या केबलीवर, आणि थोडा ती घेताना मान्यतेची मान हलवणाऱ्या आपल्यावरही.

घरोघरी या केबलींचा संसार पाहण्याजोगा असतो. एक फक्त डावीकडे वाकवली तरच चालते, आणि तो कोन घरात एकट्या आजीला जमतो. दुसरी उशीखाली दाबावी लागते. तिसरी पाहुण्यांसाठी.

आमच्या गल्लीतल्या एका आण्णांचं आयुष्य जेकार्ड मागावर गेलं. दुकानात ते केबलही चादरीसारखीच घेतात. अंगठ्यानं वीण चोळतात, ताणून बघतात, उजेडात धरतात. परवा त्यांनी सवयीनं विचारलं, ‘रंग पक्का आहे का?’

‘रंग एकदम पक्का, आण्णा,’ पोरगं म्हणालं. ‘गॅरंटी तेवढी दुकानाच्या पायरीपर्यंत.’

आण्णांनी दोन घेतल्या.